कोणी न लावलेली झाडे

गणपतीच्या आदल्या दिवशी पत्री गोळा करायचे काम लहानपणी आम्हा मुलांकडे असे. तुळस, जास्वंद, डाळिंब सोडले तर बाकीचे बहुतेक सगळे परसात आपसूक उगवलेले मिळे. कुंपणाशी आघाडा, विहिरीच्या ओलीला माका, उकिरड्यावर धोतरा, पडक्या भिंतीत पिंपळ. देवाला वाहायच्या पानांपैकी निम्मी कोणी लावलेलीच नसतात, हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

अळणावरातली आपली काही घराणी फार जुनी, तर कित्येक रेल्वेमागून आलेली. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने हुबळीहून गोव्याकडे रूळ नेले, पुढे दांडेलीचा फाटा निघाला, लाकडाचा व्यापार वाढला. नोकरी-धंद्यासाठी आलेल्यांनी घरे बांधली आणि मागे परसू ठेवले. घर कोणी बांधले हे आपण सांगू शकतो. परसातले झाड कोठून आले हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

पपईचेच पाहा. खरकट्याबरोबर बी पडते आणि पावसाळ्यात रोप उभे राहते. इतके घरचे झाड, पण त्याचे मूळ अमेरिका खंडात. डच प्रवासी लिन्स्खोटेन १५८३ नंतर काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपिन्स, मलाक्का या वाटेने हिंदुस्थानात आले. नर आणि मादी झाडे वेगळी असतात व नराला फळ धरत नाही, हेही त्याने नोंदवले आहे. आपसूक आलेली पपई फुलेपर्यंत आपणही तीच वाट पाहत असतो. कन्नडमध्ये पपईला ‘परंगी हण्णु’ म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी. आपण विसरलो, तरी आपल्या शेजारच्या भाषेने तिचा पत्ता जपून ठेवला आहे.

पेरू आणि सीताफळही मूळची त्याच खंडातली. धारवाडचा पेरू आज नावाजलेला आहे. वटवाघळे आणि पोपट यांनी त्याच्या बिया परसापरसांत नेल्या.

सुबाभूळ त्या मानाने कालची. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ संस्थेने १९७० च्या दशकात चारा आणि सरपण यांसाठी तिचा प्रसार केला. हेतू चांगला होता, पण शेंगा तडकल्या की बी चहूकडे पडते आणि झाड आवरत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत आज तिचे नाव आहे. म्हणजे आपसूक आलेले सगळेच ठेवावे असे नाही.

कढीलिंब आणि उंबर मात्र इथलेच. दोघांचे बी पाखरे आणतात. उंबराचे प्रकरण आमच्या घरात जरा अवघड झाले. न्हाणीघराच्या भिंतीत रोप आले. मी नोकरीत बांधकामेच तपासतो, तेव्हा ते लगेच काढू या म्हणालो. बाबा दत्तभक्त, मिरजेला उतरून वाडीला जाणारे. “आपण लावलेला नाही, मग तोडायचा अधिकार कुठला?” असे ते म्हणाले. मी गप्प बसलो. चार वर्षांनी भिंत फुटली आणि अंगठ्याएवढे रोप मांडीएवढे झाल्यावर तोडावे लागले. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

पुढच्या पावसाळ्यात पन्हळीच्या सांध्यात पुन्हा वीतभर उंबर दिसला. या वेळी बाबांनीच मला हाक मारली. मुळांसकट अलगद काढून तो डब्यात लावला, आणि पुढच्या आषाढात विहिरीपासून आणि घरापासून लांब, कुंपणाच्या मोकळ्या कोपऱ्यात. आज बाबा नाहीत. उंबर दोन पुरुष उंच झाला आहे आणि गुरुवारी आई त्याला पाणी घालते. त्यांचा विश्वास आणि माझी विद्या, दोन्हींना जागा मिळाली ती अशी. पहिल्याच वर्षी हे सुचले असते, तर भिंत वाचली असती आणि झाडही.

आता गावात परसू बुजवून खोल्या निघताहेत, उरलेल्या जागेत फरशी बसते आहे. गरज असते, दोष देण्यात अर्थ नाही. एवढेच सुचवावेसे वाटते की जेसीबी यायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा परसातून फिरवून आणावे. कोणते झाड कधी उगवले, कोणी राखले, कोणाच्या बाळंतपणात कशाचा पाला लागला, हे त्यांनाच ठाऊक असते. भिंतीतले रोप पहिल्याच पावसात हलवावे. मोकळ्या जागेतल्याला निदान एक वर्ष द्यावे, म्हणजे ते काय आहे ते कळते. यंदा पत्री विकत आणण्याआधी परसात एक फेरी मारून पाहा. आघाडा तिथे असेलच.