वही आणि तक्ता

धंद्यातल्या कागदांची दोन घराणी आहेत. एक वहीचे, दुसरे तक्त्याचे. वही सांगते काय झाले: माल कुणाकडून आला, कुणाला गेला, कुणाकडे किती येणे राहिले. तक्ता सांगतो काय व्हायचे आहे: कोणते काम, कुणी, केव्हापर्यंत. आज एक बिल फाडले की गोदामातला माल आपोआप कमी होतो, गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढते आणि कर खात्यालाही ते कळते. हे इतके अंगवळणी पडले आहे, की ही दोन घराणी एके काळी एकमेकांना ओळखतही नव्हती याचा विसर पडतो. त्यांची सोयरीक कुठे जुळली, ते पाहण्यासारखे आहे. ज्यांनी ती जुळवली त्यांनी एक गोष्ट फार नीट केली होती, आणि नंतरच्या अनेकांनी नेमकी तीच सोडून दिली.

वहीचे घराणे थोरले. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोलीने व्यापाऱ्याला तीन वह्या ठेवायला सांगितल्या: घडेल ते टिपण्याची एक, तारीखवार एक आणि खातेवार एक. आपल्याकडच्या पेढ्यांवरही क्रम जवळपास असाच असे. आधी कच्च्या वहीत टिपायचे, मग किर्दीत उतरवायचे, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर न्यायचे. म्हणजे एकच व्यवहार तीनदा लिहायचा. हिशेब पक्का होई, पण वहीला उद्याचे काही सांगता येत नसे. दिवाळीला वही बंद करताना तोटा कळायचा, तोवर तो सोसून झालेला असायचा.

तक्ता अगदी अलीकडचा. पोलंडमधल्या कॅरोल अ‍ॅडामिएकीने १८९६ च्या सुमारास कामांची वेळेवार मांडणी दाखवणारा तक्ता तयार केला, पण त्याचे लेखन पोलिश आणि रशियन भाषांत असल्याने पश्चिमेकडे ते फार उशिरा पोहोचले. नाव झाले ते अमेरिकेच्या हेन्री गँटचे. पहिल्या महायुद्धात दारूगोळा आणि जहाजबांधणीच्या कामांवर त्याचे आडव्या पट्ट्यांचे तक्ते वापरले गेले. १९५७-५८ मध्ये ड्युपाँट कंपनीने आणि पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी अमेरिकी नौदलाने त्यात पुढची भर घातली. कोणते काम कशावर अडून आहे, हे आता गणिताने काढता येऊ लागले. तरीही हे सगळे एकेका प्रकल्पाचे होते. प्रकल्प कधीतरी पुरा होतो. धंद्याला उद्या पुन्हा पाव भाजायचा असतो, परवाही भाजायचा असतो. शिवाय या तक्त्यांतून दिवस मोजले जात होते. पैसे मोजायला वेगळे खाते होते आणि ते वेगळ्या इमारतीत बसत होते.

सोयरीक जुळली ती लंडनमध्ये, चहाच्या दुकानांमुळे.

जे. लायन्स अँड कंपनीचे पहिले चहागृह १८९४ मध्ये पिकॅडिलीत उघडले. पुढे शहरोशहरी त्यांच्या शाखा निघाल्या. पाव, केक, पाई असा सगळा माल कंपनीच्याच भट्ट्यांतून जाई आणि पश्चिम लंडनमधल्या कॅडबी हॉलमधून त्याची सूत्रे हलत. एका गिऱ्हाइकामागे सुटणारा नफा अगदी किरकोळ, आणि व्यवहार मात्र रोज हजारोंनी. प्रत्येक व्यवहारामागे कारकुनाची दोन मिनिटे जास्त गेली तरी नफा कागदातच विरून जाणार. म्हणून या कंपनीने कारकुनी कामाचा जितक्या गांभीर्याने अभ्यास केला तितका पोलादाच्या कारखान्यांनीही केला नव्हता. केंब्रिजला गणित शिकून १९२३ मध्ये कंपनीत आलेले जॉन सिमन्स या अभ्यासामागचे मुख्य डोके. कचेरीतले काम कसे चालते हे तपासण्यासाठी कंपनीने तीसच्या दशकातच एक स्वतंत्र विभाग काढला होता.

१९४७ मध्ये रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड हे कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेत नवी कचेरी-यंत्रे पाहायला गेले. प्रिन्स्टनमध्ये हर्मन गोल्डस्टाइन यांनी त्यांना सांगितले की असेच एक गणकयंत्र तुमच्या केंब्रिजमध्येच तयार होत आहे. परत येऊन लायन्सने केंब्रिजच्या त्या प्रकल्पाला ३,००० पौंड दिले, आपला एक माणूसही दिला, आणि ते यंत्र चालू झाल्यावर त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. यंत्राचे नाव लिओ. जॉन पिंकर्टन या तरुण अभियंत्याने ते उभे केले. त्यात सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये भट्ट्यांच्या उत्पादनाचे मूल्य काढण्याचे काम त्यावर नियमित सुरू झाले. धंद्याचे रोजचे काम संगणकावर चालण्याची ही जगातली सुरुवात मानली जाते, आणि ती एका बेकरीवाल्याने केली याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

मात्र खरी उडी १९५४ ची. तोवर लिओवर पगारपत्रके वगैरे सुटी कामे होत होती. त्या साली चहागृहांच्या मागणीचे काम यंत्रावर आले. प्रत्येक दुकानाची वारानुसार एक ठरावीक मागणी नोंदून ठेवलेली असे: सोमवारी इतके पाव, शनिवारी इतके केक. दुकान सांभाळणाऱ्या बाईने रोज लांबलचक फॉर्म भरायची गरज उरली नाही. ठरलेल्या वेळी कॅडबी हॉलशी फोनवर बोलणे होई आणि ती फक्त फरक सांगे. उद्या पाव थोडे जास्त द्या, अमुक केक कमी करा. पलीकडची मुलगी ऐकता ऐकता तो फरक थेट कार्डावर छिद्रांनी उतरवी. एवढ्या एका नोंदीतून यंत्र बाकीचे सगळे काढी: भट्टीवर किती माल करायचा, तो कसा बांधायचा, कोणत्या गाडीत काय चढवायचे, आणि दुकानाच्या नावावर किती रक्कम लावायची. वही आणि तक्ता एकाच कार्डावर आले. उद्याचे काम आणि उद्याचा हिशेब एकाच बोलण्यातून जन्मू लागला.

या रचनेतला मोठेपणा यंत्रात नव्हता. यंत्राची स्मृती आजच्या साध्या स्मार्टवॉचपेक्षाही कमी होती. मोठेपणा होता तो नोंद कुणी करायची हे ठरवण्यात. लायन्सचे डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या माणसांनी कार्यक्रम लिहिण्याआधी ते काम कसे चालते ते मुळापासून समजून घेतले. उद्या शेजारच्या कचेरीत सुट्टी आहे, पाऊस येईल असे दिसते, हे त्या दुकानातल्या बाईलाच माहीत असते. म्हणून तिच्यावरचे लिहिण्याचे ओझे उतरवले आणि तिचा निर्णय मात्र तिच्याकडेच ठेवला.

पुढचा टप्पा कारखान्यांचा. साठच्या दशकात अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी एक साधी गोष्ट लावून धरली: ट्रॅक्टर किती करायचे ते ठरले असेल तर चाके किती लागतील याचा अंदाज बांधत बसू नका, हिशेब करा. प्रत्येक वस्तूत काय काय लागते याची यादी, म्हणजे आपल्या कारखान्यांत बीओएम म्हणतात ती, यंत्रात भरली की मागणीतून खरेदी आपोआप निघते. १९७५ मध्ये त्यांचे पुस्तक आले आणि ही पद्धत एमआरपी (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग) या नावाने जगभर गेली. १९७२ मध्ये आयबीएम सोडलेल्या पाच जर्मन अभियंत्यांनी एसएपी ही सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे आयसीआय या रसायन कंपनीचा जर्मनीतल्या ऑस्ट्रिंगेन इथला नायलॉनचा कारखाना. कार्डांचे गठ्ठे साठवून रात्री चालवण्याऐवजी पडद्यावर नोंद केली की त्याच क्षणी ती लागू, हा त्यांचा आग्रह. दारात माल उतरल्याची नोंद स्टोअरमध्ये झाली की लेजरही हलते, ही सवय उद्योगांना त्यांनी लावली. १९९० मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेने या साऱ्याला ईआरपी (एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग) हे नाव दिले.

आणि इथेच दुकानातली बाई विसरली गेली. कंपन्यांनी तयार चौकट विकत घेतली आणि आपली कामाची रीत त्या चौकटीत बसवली. १९९९ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या हर्शी कंपनीने तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या, तेही हॅलोविन या मिठाई वाटण्याच्या सणाच्या मागण्या येऊ लागल्या असताना. चॉकलेट गोदामात तयार होते, पण मागण्या वेळेत पुऱ्या होईनात. त्या तिमाहीत कंपनीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला.

आपल्याकडे हे वळण वेगळ्या वाटेने आले. १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनाजोगे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, ते लिहायला सांगितले. त्यातून टॅली आले. खात्यांना आकड्यांचे सांकेतिक क्रमांक न देता नुसत्या नावाने खाते उघडता येणे, ही त्याची खुबी. किर्द-खतावणीत वाढलेल्या मुनीमजींना त्यात आपली वही ओळखता आली. म्हणूनच ते भोसरीच्या वर्कशॉपपासून इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्यापर्यंत रुजले, असे मला वाटते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर जोडणी कंपनीच्या भिंतीबाहेर गेली. विकणाऱ्याने बिल दाखवले तरच घेणाऱ्याला कराची वजावट मिळणार. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालेले ई-इन्व्हॉइस ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आले. चाकणच्या मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या चार मशीनच्या मालकाची एक नोंद चुकली, तर आज त्याचे पेमेंट अडते.

म्हणून नोंद करणाऱ्या माणसांकडे पाहायला हवे. आज क्लाउडवर ऑर्डर, साठा, हिशेब, वसुली सगळे एकमेकांना जोडता येते, महिना काही हजार रुपयांत. पण त्याचे प्रात्यक्षिक होते ते साहेबांच्या केबिनमध्ये, आणि नोंद करायची असते ती गेटवरच्या स्टोअरकीपरला. ट्रक दारात, हमाल खोळंबलेले, आणि पडद्यावर भरायला वीस रकाने. तो माल आधी उतरवून घेतो, कागदावर टिपतो आणि संध्याकाळी सगळे एकदम भरतो. पुन्हा कच्ची वही आली, पुन्हा तीनदा लिहिणे आले. दोष त्याचा नाही. नवी प्रणाली घेणाऱ्या मालकाने आधी आठवडाभर गेटवर उभे राहावे, जीआरएनमधला, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीतला, कोणता रकाना खरोखर लागतो ते स्टोअरकीपरला विचारावे, बाकीचे काढून टाकायला लावावेत, आणि चुकलेली नोंद वरून परवानगी न मागता त्याच दिवशी दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला द्यावा.