दगडफुलाची पाठचिकित्सा

शिरूरच्या बाजारात गोड्या मसाल्याचे सामान घ्यायला गेले, की धने, सुके खोबरे, तीळ, नागकेशर यांच्याबरोबर एक हलकी, करडी, चुरगळल्या कागदासारखी दिसणारी वस्तू पुडीत बांधून मिळते. तिचे नाव दगडफूल. ते फूल नव्हे, आणि पुष्कळदा ते दगडावरचेही नसते. दूरच्या रानातील झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेले असते. शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेतले. पानासारखे पसरणारे दगडफूल इथल्या कोरड्या हवेत सहसा रुजत नाही. मात्र टाकळी हाजीजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांच्या काठी, किंवा दौंडकडच्या एखाद्या उघड्या माळावर काळा धोंडा निरखून पाहिला, तर दगडाशी एकजीव झालेले करडे, पिवळट चट्टे दिसतात. ते दगडफुलाचे गरीब भाऊबंद. शास्त्रीय परिभाषेत या सर्वांना शैवाक किंवा लायकेन म्हणतात.

'भाऊबंद' हा शब्द आम्ही सहज वापरला खरा. परंतु रूपातील साम्यावरून नाते सिद्ध होते काय? एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना पोथ्यांच्या संदर्भात हाच प्रश्न उभा राहतो. लायकेनच्या अभ्यासाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो आपल्याच विषयाचा इतिहास वाटावा इतका परिचित आहे.

लिनीयसने १७५३ साली वनस्पतींची नामावली सिद्ध केली, तेव्हा त्याला ठाऊक असलेली सारी लायकेन त्याने 'लायकेन' या एकाच प्रजातीत घातली. आज मसाल्यात वापरल्या जाणाऱ्या दगडफुलातील एका प्रमुख जातीला विल्यम हडसन या इंग्रज अभ्यासकाने १७६२ साली नाव दिले, तेही याच प्रजातीत. पुढे स्वीडनच्या एरिक अकारियसने ती 'पार्मेलिया'त नेली आणि विसाव्या शतकात ती 'पार्मोट्रेमा'त आली. वस्तू तीच, घराणी तीन. १८६६ साली विल्यम नायलांडरने रासायनिक कसोटी आणली: लायकेनवर विशिष्ट द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग पालटतो का ते पाहायचे. लगेच पुढच्या वर्षी सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने मूळ कल्पनेलाच धक्का दिला. लायकेन ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे, असे त्याने मांडले. नायलांडरने हे मत कधीही मान्य केले नाही, पण काळाने श्वेंडेनरचा पक्ष उचलून धरला. या संसाराला एकच नाव द्यायचे, तर ते बुरशीचे, असा संकेत पुढे रूढ झाला.

आकार, रंग, बीजाणू, रसायने ही सारी बाह्य लक्षणे होत. पोथीचा कागद, शाई आणि लिपी पाहून तिचे कुळ ठरवावे, तसे हे. ही पद्धत टाकाऊ नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९६६ साली ते पूर्ण होईपर्यंत १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. वि. सी. सुखटणकरांनीही हस्तलिखितांची पहिली विभागणी मुख्यतः लिपीवरून केली. मात्र देवनागरी पोथ्यांचे एक घराणे मानता येत नाही, हे त्यांनी ओळखले. देवनागरी ही सर्वांची लिपी असल्यामुळे कोणत्याही परंपरेतला पाठ तीत उतरवला गेला होता. वेश सारखा, वंश निराळे.

वंश ओळखण्याचा पाठचिकित्सेतला मार्ग लाखमनच्या नावाने प्रसिद्ध आहे. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. समान चूक आढळली, तर दोन्हींचा पूर्वज एक असण्याची शक्यता बळावते. डीएनएचे वाचन याच तत्त्वावर चालते. चार अक्षरांची ही पोथी प्रत्येक पिढीत नकलली जाते, नक्कल करताना क्वचित अक्षर बदलते, आणि ते बदललेले अक्षर वारसाने पुढे जाते. १९८० च्या दशकात डीएनएचा लहानसा तुकडा असंख्य पटींनी वाढवण्याची पीसीआर ही रीत हाती आली. बुरशीच्या डीएनएतील 'आयटीएस' नावाचा एक लहान भाग वाचण्याची साधने १९९० साली उपलब्ध झाली, आणि २०१२ साली तोच भाग बुरशींच्या ओळखीसाठी प्रमाण म्हणून सुचवला गेला. अडचण अशी, की लायकेनच्या कणभर तुकड्यात बुरशीबरोबर शैवल असते आणि वर वाढलेल्या इतर बुरशीही असतात. कोणाची अक्षरे आपण वाचत आहोत, हे आधी पारखावे लागते. संमिश्र पोथी हाताळणाऱ्याला हे दुखणे नवे नाही.

या वाचनाने काय साधले? १९९५ साली असे दिसून आले, की शैवलाशी संसार मांडण्याची रीत बुरशींच्या वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे, किमान पाच वेळा, उगम पावली. म्हणजे 'भाऊबंद' हा आमचा शब्द सर्वांना लागू पडत नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण कटिबंधात आढळणारे एक मोठे लायकेन दीर्घकाळ एकच जाती मानले जात असे. २०१४ साली त्यात १२६ जाती निघाल्या, आणि प्रत्यक्षात त्या ४०० हून अधिक असाव्यात असा अंदाज मांडला गेला. याच्या उलटही घडले. उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागात ब्रायोरिया प्रजातीतील दोन लायकेन आहेत: एक तपकिरी, तिथल्या आदिवासींच्या आहारातले, दुसरे पिवळसर आणि विषारी. २००९ साली दोघांच्या डीएनएत भेद सापडेना. २०१६ साली त्यांत एक तिसरा भागीदार आढळला, किण्वासारखी एक बुरशी, आणि विषारी रूपात तिचे प्रमाण अधिक होते. भेद खरा होता. आपण तो भलत्याच ठिकाणी शोधत होतो.

ही कथा दूरदेशीची राहत नाही. भांडारकर संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आघारकर संशोधन संस्था आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायकेनचे नमुने जमवले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची वर्णने केली, नव्या जातींना नावे दिली. त्यांच्या आस्थेचा एक विषय म्हणजे ग्राफिस आणि तिचे नातलग. सह्याद्रीतल्या झाडांच्या सालीवर काळ्या रेघोट्यांनी कोणी काही लिहून ठेवावे, तशी ही लायकेन दिसतात. नावाच्या मुळाशीही 'लिहिणे' हाच अर्थ आहे. डीएनएच्या पुराव्याने पुढे दाखवून दिले, की ग्राफिस या नावाखाली नांदणारे कुटुंब दोन निराळ्या शाखांचे आहे. २०१८ साली त्यातील अनेक जाती 'अ‍ॅलोग्राफा' या प्रजातीत गेल्या. अक्षर एकाच वळणाचे, लेखनिक मात्र दोन.

मग जुन्या अभ्यासकांचे श्रम वाया गेले काय? आम्हांला तसे वाटत नाही. डीएनएने वेगळी केलेली शाखा कोणत्या नावाची, हे अखेर जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याशी ताडूनच ठरते. एका पाठभेदावरून पोथीचे कुळ ठरवू नये, तसे एकट्या आयटीएसवरून जाती ठरवू नये, याची जाणीव अभ्यासकांना आहे. आणि शाखा कुठे संपली व जाती कुठे सुरू झाली, ही रेघ यंत्र ओढत नाही. ती विवेकाने ओढावी लागते. हे ऋण एकतर्फीही नाही. १९९८ साली चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील एका भागाच्या ५८ हस्तलिखितांचा वंशवृक्ष जीवशास्त्रज्ञांच्याच संगणकीय पद्धतीने मांडण्याचा प्रयत्न झाला.

शिरूरच्या पुडीतले दगडफूल बहुधा एका जातीचे नसते; सारखी दिसणारी अनेक लायकेन त्यात एकत्र असतात. व्यापाराला भेद करण्याचे कारण नाही. रानाला मात्र आहे. लायकेन अतिशय सावकाश वाढते, खरवडलेली साल भरून यायला वर्षे जातात. सगळ्यांना एकच नाव असेल, तर त्यातली एखादी जाती संपली तरी बाजारात दगडफूल मिळतच राहील आणि कोणाला काही उणे वाटणार नाही. पोथी जळाली, तर निदान तिचा उल्लेख कुठेतरी सापडतो. जिचे वेगळेपण कधी वाचलेच गेले नाही, त्या जातीचा उल्लेख कोठे सापडणार? पाठचिकित्सेचा तास कोरडा वाटतो, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही हल्ली ही पुडी दाखवतो.