घड्याळजी, शिंपी आणि भूपेन खख्खर

बडोद्याचा इतिहास सांगायला बसले की आपण ठरलेल्या वाटेनेच जातो. कवळाण्याहून दत्तक आलेले गोपाळराव, त्यांचे सयाजीराव होणे, सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, न्यायमंदिर, लक्ष्मी विलास. या वाटेचा मला अभिमानच आहे. माझे वडील सांगली भागातून रिफायनरीच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा ‘सयाजीरावांचे गाव’ एवढ्या एका शब्दावर आमच्या आजीने त्यांना परवानगी दिली. पण सुभानपुऱ्यातल्या माझ्या दवाखान्याच्या एका बाजूला घड्याळजीचा गाळा आहे आणि दुसऱ्या बाजूला शिंप्याचा. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्यांमागे बसून मी या दोघांना जवळपास चाळीस वर्षे पाहतो आहे. या गाळ्यांनाही इतिहास आहे. तो चांगला लांबलचक आहे आणि त्याची एक टोकाची गाठ राजवाड्यातच बांधलेली आहे. आज तेवढेच सांगायचे आहे.

राजवाड्यापासूनच सुरुवात करू. १८८१ साली सयाजीरावांच्या हाती राज्यकारभार आला. त्याच सुमारास दिवाण सर टी. माधवराव यांच्या ओळखीने राजा रविवर्मा बडोद्यात आला. पुढे लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे काढली. ती लोकांना पाहायला मिळाली तेव्हा बघ्यांची रीघ लागली होती. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोचल्या. घरोघर म्हणताना आपण देवघर डोळ्यापुढे आणतो. पण त्या दुकानांतही गेल्या. गल्ल्याच्या वर, उदबत्तीच्या धुराने काळवंडलेल्या चौकटीत जी लक्ष्मी उभी असते, तिची आजी बडोद्याच्या दरबाराच्या पैशावर वाढलेल्या कलेतून आली आहे. पुढे कॅलेंडरवाल्यांनी तिचे रंग भडक केले, कमळाच्या पाकळ्या वाढवल्या, खाली सिमेंटच्या कंपनीचे नाव घातले. नाते मात्र तुटले नाही.

दुसरी गाठ कलाभवनाची. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाताखाली ते सुरू झाले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम या गोष्टी देशी भाषेतून शिकवायच्या, कारागिरांच्या मुलांना शिकवायच्या, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके काही काळ तिथे शिकले हे आपण कौतुकाने सांगतो. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते असे, की हाताने काम करणारा माणूस शिकलेला असावा ही गोष्ट या गावात सरकारी धोरण होती. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी काढली, तिचेही मूळ या शाळेच्या मातीत आहे.

त्यानंतर मोठी उडी घ्यावी लागते ती स्वातंत्र्यानंतरची. १९४९ मध्ये विद्यापीठ झाले, १९५० मध्ये ललितकला विभाग सुरू झाला आणि चित्रकला शिकवायला नारायण श्रीधर बेंद्रे आले. हे इंदूरचे. तिथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. इंदूरच्या वाचकांनी ही नोंद अवश्य करावी, कारण बडोद्याच्या चित्रकलेचा पाया भरणाऱ्यांत आपला हा माणूस होता.

याच काळात गावाबाहेर वेगळेच चालले होते. १९६२ मध्ये खत कारखान्याची कंपनी स्थापन झाली, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी चालू झाली, १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्सची कंपनी आली. १९६१ साली तीन लाखांच्या आत असलेली वस्ती १९८१ मध्ये सात लाखांवर गेली. गोरवा, निझामपुरा, सुभानपुरा, मांजलपूर, मकरपुरा, जिथे शेते आणि चिंचेची झाडे होती तिथे सोसायट्या उठल्या. सोसायटी उठली की तिच्या कडेला गाळे येतात. आधी पिठाची चक्की, मग सायकलवाला, मग केस कापणारा, शिंपी, इस्त्रीवाला. घड्याळजी थोडा उशिरा येतो. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाला घड्याळ लागते. १९६१ साली एच. एम. टी.ची घड्याळे निघू लागली आणि पगारदार माणसाच्या मनगटावर बसली. त्यातल्या एका चावीच्या घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. पाळीची बस चुकली तर अर्ध्या दिवसाचा पगार जाई, त्यामुळे घड्याळ पाच मिनिटे मागे पडले तरी माणूस संध्याकाळी घड्याळजीपुढे उभा असे.

आणि इथे भूपेन खख्खर येतो.

खख्खर मूळचा मुंबईचा, जन्म १९३४. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. गुलाममोहम्मद शेख यांच्या सांगण्यावरून तो १९६२ मध्ये बडोद्याला आला. विद्यापीठात त्याने कलासमीक्षेचा अभ्यास केला, चित्रकलेचा रीतसर नव्हे. पोटासाठी एका कारखान्यात तो अर्धवेळ हिशेब पाही. सुरुवातीला त्याने बाजारातल्या देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून चित्रे केली. म्हणजे रविवर्म्याच्या नातवंडांनाच त्याने कात्री लावली. मग १९७२च्या सुमारास त्याने जे केले, ते या गावात आधी कुणी केले नव्हते. घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले. शिंप्याचे दुकान काढले. न्हाव्याचे काढले. ‘जनता वॉच रिपेअरिंग’, ‘डीलक्स टेलर्स’, ‘बार्बर्स शॉप’ अशी त्या चित्रांची नावे. पाटीवर जे असते तेच चित्राचे नाव. कारकुनालाही त्याने सोडले नाही. ‘असिस्टंट अकाउंटंट मिस्टर आय. एम. पटेल’ हेही याच वर्षीचे चित्र.

धंदेवाल्यांची चित्रे काढायची रीत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रज साहेबांसाठी पाटण्याचे आणि तंजावरचे चितारी अशा चित्रांचे संच तयार करत, त्याला आपण कंपनी शैली म्हणतो. त्यात कुंभार असे, कोळी असे, विणकर असे. हातात हत्यार, शेजारी कधी बायको, आणि मागे बहुतेक कोरा कागद. साहेबाला नमुना हवा होता, त्या माणसाची जागा नको होती. खख्खरने ही रीत अभ्यासली होती. पण त्याने माणसाला त्याचा गाळा परत दिला. भिंतीचा रंग, फळी, पाटी, मांडलेला माल सगळे आले. रंग सपाट आणि गोड, जसे गाळ्यांना खरोखरच दिलेले असतात. त्याची थट्टाही झाली. पुष्कळांना वाटले की शिकलेला माणूस अडाणी रुचीची मजा करतो आहे.

माझे मत निराळे आहे, आणि ते डॉक्टरचे आहे. त्या चित्रांतला माणूस बहुधा एकटा असतो आणि हसत नाही. ग्राहक समोर असो वा नसो, तो आपल्यातच असतो. थट्टा करणारा चित्रकार असा चेहरा काढत नाही. असा चेहरा मी रोज पाहतो. घड्याळजीच्या मानेचा चौथा-पाचवा मणका सांगतो की हा माणूस पस्तीस वर्षे वाकून बसला आहे. एका डोळ्यात भिंग अडकवायची सवय असल्यामुळे भिंग काढल्यावरही त्या बाजूची भुवई खालीच राहते. शिंप्याचे दुखणे उजव्या पोटरीत, न्हाव्याचे दोन्ही पायांच्या फुगलेल्या शिरांत. हे धंदे रस्त्यावरून सुंदर दिसतात, कारण ते उघड्यावर चालतात आणि त्यांत गडबड नसते. पण ती शांतता पुष्कळदा वाट पाहण्याची असते. खख्खरने ती तशीच ठेवली. तिला गोडवा लावला नाही, म्हणून ती चित्रे मला खरी वाटतात.

सौंदर्य कुठे आहे ते पाहायचे असेल तर मात्र जवळ जावे लागते. घड्याळजीकडे पाहा. सुटे केलेले यंत्र तो उपड्या काचेच्या प्याल्याखाली झाकून ठेवतो, धूळ बसू नये म्हणून. चाके पेट्रोलमध्ये धुतो आणि चिमट्याने टिपकागदावर ओळीने मांडतो, उलगडली त्याच क्रमाने, म्हणजे जोडताना उलटे जायचे. खिळ्यांवर दुरुस्त झालेली घड्याळे टांगलेली असतात. प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवते, कारण चाल तपासायची तर एक दिवस ती चालू ठेवावी लागतात आणि पट्टीवर फरक लिहावा लागतो. तिऱ्हाइताला तो गोंधळ वाटतो. त्याला नाही. शिंप्याकडे पाहा. मापे तो मोठ्याने म्हणतो आणि पोऱ्या लिहून घेतो. ‘छाती अडतीस, बाही साडेतेवीस.’ पावतीला तुमच्याच कापडाची बोटभर चिंधी टाचलेली असते. नाव विसरले तरी चिंधी विसरत नाही. वर्षअखेरीस ते पावतीपुस्तक उलटले की त्या वर्षी सोसायटीत कुणी काय नेसले-ल्याले याचा पूर्ण नमुनासंग्रह हाती लागतो. संग्रहालयात असा एखादा असेल तर आपण तिकीट काढून पाहू.

पाट्यांबद्दल थोडे बोलायलाच हवे. गुजराती अक्षराला वरची रेघ नसते. मराठी डोळ्याला सुरुवातीला ते शब्द उघडे वाटतात. पेंटर आधी खडूने माखलेली दोरी ताणून दोन रेघा पाडी, त्यांत अक्षरे बसवी, मग प्रत्येक अक्षराला लाल किंवा निळी सावली देई. शेवटी कोपऱ्यात स्वतःचे नाव, मोहरीएवढे. माझ्या दवाखान्याची पाटी अशाच एकाने रंगवली. ‘होमिओपॅथी’ हा शब्द एका ओळीत मावेना, तर त्याने ‘पॅ’ जरा बारीक करून मावून दाखवला. आता फ्लेक्स आले. छापील अक्षर बारीक करावे लागत नाही, कारण तिथे जागाच आधी मोजलेली असते. स्वस्त पडते हे खरे, मी त्याला दोष देत नाही. पण पेंटर गेले आणि त्यांच्याबरोबर कोपऱ्यातले नावही गेले.

घड्याळजीचे जाणे त्याआधीच सुरू झाले होते. १९८४ मध्ये टायटन कंपनी झाली, क्वार्ट्झची घड्याळे आली. त्यांत चावी नाही, साफसफाई नाही, सेल बदलला की झाले. मग मोबाइल आला आणि तरुणांच्या मनगटावरून घड्याळच उतरले. आमचा घड्याळजी आज मुख्यतः सेल आणि पट्टे विकतो. शिंप्याला तयार कपड्यांनी खाल्ले. त्याच्याकडे आता पँटची लांबी कमी करण्याची कामे येतात. न्हावी तेवढा टिकला आहे. केस कारखान्यात पाठवता येत नाहीत.

त्याच काळात उलट दिशेलाही काही घडत होते. खख्खरला १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये तो वारला. २०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने त्याचे मोठे प्रदर्शन भरवले. ‘डीलक्स टेलर्स’ हे चित्र हॉवर्ड हॉजकिन या इंग्रज चित्रकाराच्या संग्रहात होते. तो गेल्यावर २०१७ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला आणि ते अकरा लाख पौंडांच्या वर गेले. मी ही बातमी आमच्या शिंप्याला वाचून दाखवली. त्याने काच उचलून टेप गळ्यात घातली आणि विचारले, ‘चित्रातल्या शिंप्याला काय मिळाले?’ मला उत्तर सुचले नाही. त्यानेही ते मिळेपर्यंत थांबायचे नसावे, कारण लगेच मशीन चालू झाले.

आपल्या मराठी मंडळींबद्दल एक बोलतो, राग मानू नये. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात आपण वाडे बांधले, दप्तरे सांभाळली, शाळा चालवल्या. गल्ल्यावर मात्र आपण फारसे बसलो नाही. म्हणून आपण लिहिलेल्या इतिहासात दरबारातला चोपदारही आहे, पण ज्याने आपल्या आजोबांचे खिशातले घड्याळ आयुष्यभर चालते ठेवले तो नाही. दप्तर सांभाळायची सवय असलेल्या समाजाकडून ही चूक व्हायला नको होती. एका हिशेबनिसाने, तेही गुजराती हिशेबनिसाने, ती नोंद रंगात ठेवली. ती कागदावर ठेवायला फार मोठी विद्या लागत नाही. गाळा केव्हा घेतला, आधी तिथे काय होते, काम कुणाकडून शिकलात, भाडे किती होते, एवढे चार प्रश्न विचारले की माणूस बोलू लागतो. दुपारी तीनच्या सुमारास जावे, तेव्हा गिऱ्हाईक नसते.

रस्ता रुंद करण्याच्या खुणा आमच्या ओळीवर पडल्या आहेत. २०१४च्या फेरीवाला कायद्याने टपरी-गल्लेवाल्यांना थोडे संरक्षण दिले, पण पक्क्या गाळ्यातल्या भाडेकरूला त्याचा उपयोग नाही. घड्याळजी सत्तरीकडे झुकला आहे. मुलगा या धंद्यात नाही. जावई म्हणतो की जागा राहिलीच तर मोबाइलची कव्हरे ठेवू.

त्याच्या खालच्या खणात दुरुस्त होऊन पडलेली, कुणी न नेलेली घड्याळे आहेत. मी एकदा मोजली, एकतीस भरली. त्याने एकही विकलेले नाही. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी बांधलेली आहे, तीवर नाव, तारीख आणि राहिलेले पैसे. बऱ्याच चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने नाव लिहिले आहे आणि त्यांतली सात-आठ नावे मराठी वळणाची, बाळबोध अक्षरातली आहेत. सर्वांत जुनी चिठ्ठी १९८७ची आहे, त्यावर चौदा रुपये बाकी आहे. आपल्यापैकी कुणाचे वडील किंवा काका सुभानपुरा, गोरवा भागात राहत असतील आणि घरात एखादे घड्याळ ‘दुरुस्तीला टाकले होते’ असे आठवत असेल, तर जाऊन पाहावे. दुकान सकाळी दहाला उघडते. घड्याळ चालू स्थितीत मिळेल, चावी मात्र स्वतः द्यावी लागेल.