पंढरीचा सोबती

ईश्वरावरील श्रद्धेस एकाकी मुलाने मनात रचलेल्या सवंगड्याची उपमा देण्याची रीत अलीकडे रूढ झाली आहे. ती उपहासाने दिली जात असली, तरी पंढरपूरच्या अभ्यासकास ती एकदम झिडकारता येत नाही, कारण नवविधा भक्तीत सख्यास आठवे स्थान देणाऱ्या या देशातही विठ्ठलाइतक्या निःसंकोचपणे दुसऱ्या दैवतास क्वचितच कोणी सोबती मानले असेल.

गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटी शिंप्याच्या घरी आश्रयास आली आणि नामदेवाची दासी म्हणवून घेत तिने जन्म काढला. तिच्या अभंगांतला देव जात्याचा खुंटा धरून दळू लागतो, तिची डोई विंचरतो. आख्यायिका तर अशी की, तिच्या खोपटात देव आपले पदक विसरला, चोरीचा आळ जनीवर आला, सुळाची शिक्षा फर्मावली गेली आणि सुळाचेच पाणी झाले. जिला मायेचे माणूस नव्हते तिने ते कल्पनेने निर्माण केले, एवढे म्हणून मानसशास्त्रज्ञ थांबेल; मला मात्र तेथे थांबणे अन्यायाचे वाटते. मुलाचा सवंगडी त्याच्या एकट्याचा असतो आणि त्याच्या बालपणाबरोबर नाहीसा होतो. जनीचा सोबती पहाटे दळणाऱ्या असंख्य बायकांचा झाला, आणि आपल्या ओव्यांतून त्यांनी त्याला बाप, भाऊ, सखा अशा हरएक नात्याने हाक मारली.

देवळातील उपचारही याच नात्याची साक्ष देतात. आषाढीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात, दर्शन अहोरात्र चालू राहते, आणि उभ्या देवास टेकावयास पाठीशी लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजेत लिंबू-साखर चोळून त्याचे पाय धुतात आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवितात. ज्याचे पाय दुखतात त्याचीच अशी काळजी वाहिली जाते.

परंतु या सख्याची खरी कसोटी दारात लागली. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून अस्पृश्य ठरविलेला संत चोखामेळा गेला, त्याच्या अस्थी नामदेवाने पंढरीस आणल्या, आणि समाधी झाली ती महाद्वाराबाहेर. सोबती आत व त्याचा जिवलग बाहेर, ही व्यवस्था पुढे शतकानुशतके रूढीच्या हुकमाने चालली. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात याच कारणासाठी उपोषण आरंभिले आणि १० मे रोजी, हरिजनांस दार उघडण्याचे मान्य झाल्यावर, ते सोडले. खाजगी कल्पनेच्या दाराशी हक्काची फिर्याद कोणी नेत नाही; ही फिर्याद नेली गेली आणि तिचा निकालही लागला. काल्पनिक सवंगड्याची उपमा ज्यांना द्यावयाची असेल त्यांनी ती जरूर द्यावी, पण त्या दहा दिवसांचा वृत्तांत वाचून मगच.