सरस, स्क्रू आणि डुगडुगणारी खुर्ची

आमच्या घरी वाकवलेल्या लाकडाच्या दोन खुर्च्या आहेत. 1970च्या दशकात गिरगावातलं एक इराणी हॉटेल बंद पडलं, तेव्हा वडिलांनी त्या घेतल्या. त्यांना चार हव्या होत्या, पण आईने चाळीतल्या दोन खोल्यांचा हिशेब मांडला आणि दोनावर भागलं. पाठीला दोन कमानी, एकीच्या पोटात दुसरी. बसायला गोल कडं, त्यात कधीकाळी वेताची जाळी होती, आता प्लायवूडची चकती आहे. आणि चारही पायांना आतून धरणारं खालचं एक कडं. इराण्याकडे बसून ज्यांनी ब्रून-मस्का खाल्ला आहे त्यांना याहून जास्त वर्णन नको. सीटच्या कड्याच्या आतल्या अंगाला रोमन अक्षरांत डागलेला शिक्का आहे : जे. अँड जे. कोन, व्हिएन्ना.

यातली एक खुर्ची मी मोडली. म्हणजे दुरुस्त केली आणि त्यामुळे ती मोडली.

तिचा पुढचा उजवा पाय डुगडुगत होता. मी सांध्यात बाहेरूनच पांढरा डिंक ओतला, पाय ठोकून आत बसवला, आणि वर खात्री म्हणून कड्याच्या बाजूने दोन इंची स्क्रू आरपार मारला. पावसाळा आणि हिवाळा खुर्ची दगडासारखी उभी राहिली. पुढच्या मे महिन्यात भाचा तिच्यावर बसून मागे रेलला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. भाच्याला काही झालं नाही. पायही जागेवरच होता. फाटलं होतं ते सीटचं कडं, स्क्रूच्या रेषेतून, वीतभर लांब.

वाडीतल्या सुतारकाकांकडे ती नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कडं उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘‘हे काम कुणी केलंय?’’

‘‘मीच.’’

‘‘कुठल्या महिन्यात?’’

मला प्रश्नच कळला नाही. आठवून सांगितलं, जुलै असावा. काका हसले. ‘‘जुलैत बसवलीत आणि मेमध्ये फाटली. मग आता तुम्हीच सोडवा ती. मी बघतो.’’

त्या ‘कुठल्या महिन्यात’ने मला कामाला लावलं. मी वखारीतला माणूस नाही, विद्यापीठातलाही नाही. नोकरी सांभाळून जुन्या वस्तूंच्या मागे हिंडणारा एक हौशी. पण या खुर्चीचा माग काढता काढता लक्षात आलं, की सांधा सैल होतो या एका कटकटीनेच तिला जन्म दिला आहे.

मिखाएल थोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म 1796चा. 1830च्या दशकात त्याने लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून, एकमेकींवर चिकटवून, साच्यात वाकवायला सुरुवात केली. करवतीने कापून जोडलेल्या वळणात जिथे जोड तिथे कमजोरी. वळण अखंड असेल तर तेवढे सांधे कमी. 1842 मध्ये तो व्हिएन्नाला आला. शतकाच्या मध्याला तिथल्या काफे डाऊमसाठी त्याने खुर्च्या केल्या, 1851च्या लंडनच्या प्रदर्शनात पदक मिळवलं. चहा-कॉफीच्या दुकानाशी या खुर्चीचं नातं हे असं मुळापासूनचं आहे.

अडचण सरसाची होती. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. (मराठीतल्या ‘सरस-निरस’शी याचा संबंध नाही. हा शब्द फारसी ‘सिरीश’वरून आला. ‘खुर्ची’ही अरबी ‘कुर्सी’वरून फारसीच्याच वाटेने आली. पाटावर बसणाऱ्या आपल्या लोकांना दोन्ही शब्द बाहेरूनच घ्यावे लागले.) माणूस हा डिंक किमान साडेतीन हजार वर्षं वापरतो आहे. इजिप्तमध्ये थीब्ज इथल्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात सुतारांचं चित्र आहे, त्यात विस्तवावर ठेवलेलं सरसाचं भांडं दिसतं. सुका सरस भलताच पक्का, पण ऊब आणि ओल एकत्र आली की तो मऊ पडतो. बोटीच्या तळघरात, दमट हवेच्या देशांकडे जाताना, थोनेटच्या चिकटवलेल्या पट्ट्या सुटू लागल्या.

त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे सरसच टाळायचा. बीचच्या अखंड दांड्याला वाफ द्यायची आणि तोच वाकवायचा. नुसता वाकवला तर बाहेरच्या बाजूचे तंतू ताणून तुटतात, कारण लाकूड दाब सोसतं, ताण फारसा सोसत नाही. म्हणून बाहेरच्या बाजूला पोलादी पट्टी आवळायची. पट्टी ताणली जात नाही, त्यामुळे लाकडाला आतून दबण्यावाचून गत्यंतर उरत नाही. 1856 मध्ये त्याला याचा एकाधिकार मिळाला, मोरावियातल्या कोरिचान इथे बीचच्या जंगलाशेजारी कारखाना निघाला, आणि 1859 मध्ये 14 क्रमांकाची खुर्ची आली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. 1869 मध्ये एकाधिकार संपला आणि जे. अँड जे. कोनसारखे स्पर्धक त्याच खुर्च्या करू लागले. त्याच वर्षी सुएझ कालवा उघडला आणि ऑस्ट्रियाच्या त्रिएस्ते बंदराहून मुंबई एकदम जवळ आली. धोबी तलावच्या कयानीची स्थापना 1904ची, बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाची 1923ची. अशा जागांमधून या खुर्च्या आजही दिसतात.

खोक्याचा हा हिशेब व्यापाराच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. ही खुर्ची मुंबईत सुटी उतरली. गोदीपासून हॉटेलापर्यंत कुठेतरी कुणीतरी पेचकस घेऊन तिचे सहा भाग एकमेकांना जोडले. म्हणजे जे असं जोडता येतं ते सोडवताही येतं, हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्क्रू हा थोनेटच्या लेखी सांधा कायमचा करण्याचा उपाय नव्हताच. सांधा सैल होणार, हे धरूनच तो चाललेला होता. डुगडुगली, तर पिळा.

ती डुगडुगणार हे मात्र नक्की, आणि त्याचं कारण काकांच्या प्रश्नात होतं. लाकूड कापून शंभर वर्षं झाली तरी ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत त्याने फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, सगळी हालचाल आडवी. तीही सारखी नाही. वार्षिक वलयांच्या कडेने ती जास्त, केंद्राकडच्या दिशेने साधारण तिच्या निम्मी. म्हणून गोल खुंटी ओलसर हवेत गोल राहत नाही, किंचित लंबगोल होते. बीच हे लाकूड वाकवायला उत्तम, पण स्वभावाने चंचल. ओलं असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने ते 11 ते 12 टक्के आटतं. सागवान 6 टक्क्यांच्या आत राहतं. आपल्याकडचे जुने सुतार सागवानावर का जीव टाकत, ते या एका आकड्यात आहे.

आता माझ्या खुर्चीचा पाय घ्या. त्याचं वरचं टोक गोल खुंटीसारखं आहे आणि ते सीटच्या कड्यातल्या भोकात जातं. (पुष्कळ खुर्च्यांत या खुंटीवर लाकडातच आटे पाडलेले असतात, माझीत नाहीत.) पावसाळ्यात खुंटी फुगते. भोकाची भिंत तिला फुगू देत नाही, तेव्हा खुंटीचे बाहेरचे तंतू चेपले जातात. उन्हाळ्यात ती आटते, पण चेपलेले तंतू पूर्वपदावर येत नाहीत. दर पावसाळ्यानंतर खुंटी मूळ मापाहून केसभर बारीक. ब्रूस होडली या अमेरिकी प्राध्यापकाने ‘अंडरस्टँडिंग वूड’ या 1980च्या ग्रंथात हातोडीच्या दांड्याच्या संदर्भात नेमकी हीच गोष्ट समजावली आहे. हातोडी घट्ट व्हावी म्हणून आपण ती रात्रभर पाण्यात ठेवतो. सकाळी घट्ट होते, आठवड्याने आधीपेक्षा सैल. ते पुस्तक रद्दीवाल्याकडे मिळालं, तेव्हा फुटपाथवर उभा राहूनच मी ते प्रकरण संपवलं.

जुलैत मी जी खुंटी ‘मस्त घट्ट’ बसवली ती फुगलेली होती. मेपर्यंत ती आटली आणि बाहेरून ओतलेला डिंक आत पोचलाच नव्हता. म्हणजे पाय भोकात सैलच होता, फक्त माझ्या आडव्या स्क्रूने त्याला हलायची बंदी केली होती. भाचा रेलला तेव्हा सगळा जोर त्या एका स्क्रूवर आला आणि स्क्रूने तो कड्याच्या रेषांवर टाकला. लाकूड रेषेतून फाटायला किती सोपं असतं ते जळणाची लाकडं फोडलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तो स्क्रू नसता तर खुर्ची नुसती कुरकुरली असती.

सांध्याने आधी हार मानावी आणि लाकूड वाचावं, ही सोय सरसात आपोआप होती. सरस कितीही पक्का असला तरी गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो. शिवाय नवा सरस जुन्या सरसाला धरतो, त्यामुळे शंभर वर्षांचा सांधा पुन्हा पुन्हा बांधता येतो. पांढऱ्या डिंकाचं तसं नाही. तो एकदा वाळला की त्याच्या थरावर नवा डिंक नीट धरत नाही. सगळा खरवडून उघडं लाकूड आणावं लागतं, आणि खरवडताना खुंटी आणखी बारीक होते.

तरी पांढऱ्या डिंकाला खलनायक करणं मला पटत नाही. फेविकॉल 1959 मध्ये आलं आणि काही दशकांत सुतारांच्या पेटीतून सरसाच्या वड्या गेल्या, त्याला कारणं होती. सरस रात्रभर भिजवायचा, दुहेरी भांड्यात मंद आचेवर तापवायचा, उकळू द्यायचा नाही, कारण उकळला की त्याचं बळ जातं. गरम आहे तोवर हात चालवायचा. वास असा की शेजारी भांडायला येतात, आणि पावसाळ्यात तो कुजतो. काकांनी वयाच्या बाराव्या वर्षापासून मालकाचं सरसाचं भांडं राखलं होतं. त्याबद्दल त्यांना कसलीच हुरहूर नव्हती. ‘‘डबा उघडला की काम सुरू, हे सुख तुम्हाला नाही कळणार,’’ असं ते म्हणाले. प्लायवूडच्या कपाटाला, जे पुन्हा उघडायचंच नाही, तो डिंक उत्तमच आहे. चूक आहे ती खुर्चीला कपाट समजण्यात. कपाट भिंतीला टेकून उभं असतं. खुर्चीवर माणूस बसतो, उठतो, वळतो, मागे रेलतो.

माझी खुर्ची सोडवायला पाच दिवस लागले. स्क्रू काढला. कोमट व्हिनेगरचं फडकं सांध्याभोवती गुंडाळून पांढरा डिंक हळूहळू मऊ केला आणि पाय पिळत पिळत बाहेर काढला. फाटलेल्या कड्यात सरस सोडून त्याला सुतळीचे वेढे दिले, वेढ्यांत काठी घालून पिळलं आणि तसंच दोन दिवस ठेवलं. मग खुंटी. मी भुसा आणि डिंकाचा लगदा भरायला निघालो होतो, काकांनी हात धरला. लगद्याला रेषा नसतात, तो दाबाखाली चुरा होतो. रंध्यातून निघालेली कागदासारखी पातळ कपची त्यांनी खुंटीभोवती, रेषा उभ्या ठेवून, सरसाने चिकटवली. वाळल्यावर कानशीने थोडं थोडं घासायचं आणि दर वेळी भोकात घालून बघायचं. हाताने दाबून आत जावी, हातोडा लागता कामा नये. हातोडा लागला, तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तंतू चेपणार.

आणि हे सगळं फेब्रुवारीत. तेव्हा हवा मुंबईत त्यातल्या त्यात कोरडी असते. खुंटी तेव्हा बारीकच असते, तेव्हा घट्ट बसली तर बरी टिकते.

इराणी हॉटेलांत दर काही महिन्यांनी कुणीतरी खुर्च्या उलट्या करून नट आवळत असणार, असं मला आता वाटतं. आमच्या दुसऱ्या खुर्चीच्या मागच्या पायांच्या नटांवर चाव्यांचे इतके ओरखडे आहेत, की त्यांच्या कडा गोल झाल्या आहेत. वडील मात्र दिवाळीच्या साफसफाईत खुर्च्या फक्त पुसत. मी आता वर्षातून दोनदा त्या उलट्या करतो, होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा. यंदा दुसरीचा डावा पाय किंचित फिरतो आहे. काका आता नाहीत. सरसाच्या वड्या घरी आहेत, कानस आहे, कपच्या एका डब्यात जपून ठेवल्या आहेत. पण बाहेर अजून पाऊस आहे, त्यामुळे तिला हात लावलेला नाही. भिंतीशी ठेवली आहे आणि भाच्याला सांगून ठेवलं आहे, फेब्रुवारीपर्यंत तिच्यावर रेलू नकोस.