बीजाणूची नक्षी आणि नेच्यांची कुळे

सिन्नरसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात नेचे शोधायचे तर खडकांच्या भेगा धुंडाळाव्या लागतात. अशा कोरड्या जागी तग धरणारा नेचा म्हणजे मयूरशिखा, अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. उन्हाळ्यात तो सुकून मिटतो आणि पावसाबरोबर पुन्हा उलगडतो. बीजाणुधानींच्या लांबट ओळींमुळे वनस्पतिशास्त्रज्ञ स्वार्ट्झने 1800 च्या सुमारास त्याला अ‍ॅस्प्लेनियम प्रजातीत घातले. 1841 मध्ये लिंकने तो वेगळ्या प्रजातीत नेला.

लिंकच्या बाजूने बीजाणू निःसंदिग्ध साक्ष देतो. अ‍ॅस्प्लेनियमचा बीजाणू घेवड्याच्या दाण्यासारखा असून त्यावर एकच सरळ रेष असते. मयूरशिखेचा बीजाणू चतुष्फलकी, त्यावर तीन रेषा एका बिंदूत मिळतात. अर्धसूत्री विभाजनानंतर चार बीजाणू एकमेकांना कसे चिकटून होते, त्याचा हा व्रण आहे. पुढे डीएनएनेही मयूरशिखेला हंसराजाच्याच टेरिडेसी कुळात ठेवले.

व्रणाइतका भरवसा नक्षीवर मात्र ठेवता येत नाही. पुष्कळ नेच्यांत ती सर्वांत बाहेरच्या आवरणावर असते, आणि हे आवरण बीजाणू स्वतः घडवत नाही. बीजाणुधानीतल्या पोषक पेशी ते शेवटी चढवतात. शिवाय पाणथळीतल्या सेराटॉप्टेरिसच्या बीजाणूंवर समांतर कंगोरे दिसतात, तसेच दूरच्या कुळातल्या अ‍ॅनेमियाच्या बीजाणूंवरही. म्हणून माझ्या मते नक्षीचे खरे काम जवळच्या जाती वेगळ्या करण्याचे. कूळ ठरवताना ती दुय्यम पुरावा. व्रणालाही अपवाद आहेतच: टेरिडेसीतल्याच व्हिटारियाच्या काही जातींचे बीजाणू एकरेषी असतात.

जातीच्या पातळीवर ही नक्षी किती उपयोगी पडते, हे नाशिकला लागून असलेल्या डांगमध्ये दिसले. तिथून 2018 मध्ये जेमतेम सेंटिमीटरभर उंचीची ऑफिओग्लॉसम मालवी ही नवी जाती नोंदवली गेली. एवढ्याशा पानात वेगळेपण दाखवणार तरी काय? संशोधकांनी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा पृष्ठभाग तपासला.

तपासण्याच्या रीतीनेही निष्कर्ष बदलतो. एर्टमनच्या पद्धतीत अ‍ॅसिटिक अनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल 9:1 प्रमाणात वापरून बीजाणू स्वच्छ करतात. त्यात बाहेरचे नाजूक आवरण कधी कधी निघून जाते आणि एकाच जातीची दोन चित्रे दोन जातींची वाटतात. प्रक्रिया केलेले आणि न केलेले, दोन्ही बीजाणू शेजारी ठेवूनच वर्णन लिहावे. शिवाय बीजाणुधानीतले बीजाणू मोजावेत: बहुतेक नेच्यांत ते 64 असतात, फलनाविना वाढणाऱ्या नेच्यांत बहुधा 32, आणि आकाराने मोठे. ही मोजणी टाळली, तर निव्वळ आकारमानातल्या फरकावरून नवी जाती उभी करण्याची चूक होते.