लाखेरी ते खर्डा : शिंदे-होळकरांची दोन वर्षं

आपल्या माळव्यात शिंदे-होळकरांचा विषय निघाला की गाडी दौलतराव आणि यशवंतरावांच्या स्वभावावर येते. एक उथळ, दुसरा तापट, म्हणून राज्य बुडालं! मला हे पटत नाही.

कारण लाखेरी. १७९३ साली तिथं दोन्ही घराण्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. तेव्हा इकडे महादजी होते, तिकडे तुकोजी, आणि अहिल्याबाई हयात होत्या. यांना उथळ कोण म्हणेल? भांडण मुलखाचं आणि वसुलीचं होतं. १७३२ साली बाजीरावांनी माळव्याचे वाटे शिंदे, होळकर, पवारांना दिले. जो पुढे सरकेल त्याचा वाटा वाढणार. याच चढाओढीनं मराठे उत्तरेत पसरले, हेही विसरू नये.

आता गंमत बघा. लाखेरीनंतर दोनच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, हेच दोघं खर्ड्याला निजामाविरुद्ध एका बाजूला उभे! बरोबर नागपूरकर भोसलेही. मनं जुळली होती म्हणून नव्हे. निजामाकडची थकबाकी सगळ्यांना हवी होती आणि तह पुण्याच्या नावानं एकच होणार होता.

मी पंपांवर आयुष्य काढलेला माणूस. एका पाइपाला दोन पंप जोडले आणि मधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला, तर एकाचं पाणी दुसऱ्यातून उलटं फिरतं. नाना फडणवीस १८०० मध्ये गेले आणि तसंच झालं. (नानाही काही निःपक्ष नव्हते, महादजींना आवरायला त्यांना होळकर लागायचे!) जुलै १८०१ मध्ये यशवंतरावांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली, ऑक्टोबरात शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं. तासाभराच्या रस्त्यावरची ही दोन शहरं!

पगारी सेनानींचं गणित निराळंच. दुद्रनेक हा फ्रेंच लाखेरीला होळकरांकडून लढला, पुढे शिंद्यांच्या नोकरीत गेला, १८०३ मध्ये इंग्रजांना शरण. त्याला कोणी फितूर म्हणत नाही.

त्याच वर्षी असईला शिंदे-भोसले लढले, होळकर लांब राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले, तोवर शिंदे तहात अडकलेले. इंग्रजांनी भोसल्यांशी देवगावला, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावला आणि १८०५ मध्ये होळकरांशी राजघाटला, असे वेगवेगळे तह केले. खर्ड्याला जो एक होता, त्याचे तीन झाले.